चेंडू चालतो, कप्तान चालत नाही

१

भीमजयंतीला वडनेरात टेनिस बॉलचे सामने ठेवायचे ठरले. वर्गणी जमली, टीमा जमल्या, मैदान साफ करायच्या पाळ्या लागल्या. भांडण झालं ते चषकाच्या नावावरून. एका पोराने नाव सुचवलं : बाळू पालवणकर चषक. दुसरा तिथल्या तिथे उसळला, "तो तं बाबासाहेबाइच्या विरोधात इलेक्शनले उभा होता ना बे! त्याचं नाव काहून द्याचं?" तिसरा म्हणाला, "पण आपल्या लोकाइतून वर आलेला पयला मोठा क्रिकेटवाला तोच हाय ना?" मागून कोणी हळूच पुटपुटलं, की तो तर चांभार होता. मीटिंग तिथेच मोडली.

त्या शेवटच्या पुटपुटण्याचा निकाल आधी लावतो. जातीच्या उतरंडीत आपल्या पायरीवरचा कोण आणि शेजारच्या पायरीवरचा कोण, हे मोजायची सवय आपल्याला मनूने लावली. बाबासाहेबांनी ती उतरंड फोडायला सांगितली. बौद्ध म्हणवून घ्यायचं आणि चांभार, मांग, भंगी वेगळे काढायचे, हे चालणार नाही. संपलं.

बाकी दोघांचं म्हणणं मात्र खरं आहे. बाळू अस्पृश्यांतला पहिला मोठा क्रिकेटपटू होता हेही खरं, आणि १९३७ साली बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला हेही खरं. मग नाव द्यायचं की नाही? दोस्तहो, बाळू कोण होता, त्याला कोणी खेळवलं, कुठपर्यंत खेळवलं आणि कुठे अडवलं, हे माहीत नसताना नाव देणंही फुकट आणि नाकारणंही फुकट. म्हणून हा इतिहास.

२

बाळू बाबाजी पालवणकर. जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातलं. बाप लष्करात नोकरीला. त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं आणि पोरं गोऱ्या साहेबांचं क्रिकेट बघत वाढली. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम खेळ शिकले.

बाळूची पहिली नोकरी पुण्याच्या एका पारशी क्लबात. काम मैदान झाडायचं, रोलर फिरवायचं. पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्यांच्या क्लबात गेला, तिथे ४ रुपये. तिथे एका साहेबाने त्याला चेंडू टाकायला सांगितलं आणि डावखुऱ्या पोराच्या बोटांतली जादू दिसली. कॅप्टन ग्रेग नावाचा मोठा फलंदाज रोज सरावाला लवकर यायचा आणि बाळूला चेंडू टाकायला लावायचा. ग्रेगला बाद केलं की आठ आणे मिळायचे, अशी गोष्ट सांगतात. बाळूने ग्रेगला शेकडो तास चेंडू टाकले. त्या सगळ्या काळात बॅट मात्र कोणी त्याच्या हातात दिली नाही.

इथे जरा थांबा. चेंडू टाकणं म्हणजे मेहनत. घाम गाळायचा, दुसऱ्याला खेळवायचं. बॅटिंग म्हणजे मान. साहेब आणि राजेमहाराजे बॅट धरत, चेंडू टाकायला नोकर ठेवत. म्हणजे खेळातही एक चातुर्वर्ण्य होतंच. अस्पृश्य पोराला त्यात जागा मिळाली ती राबणाऱ्याची.

गोऱ्यांशी सामना खेळायचा तर पुण्याच्या हिंदूंना बाळू लागत होता. घ्यावा की नाही यावर वाद झाला. घेतला, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू ब्राह्मण झेलत होता, ब्राह्मणाने फेकलेला चेंडू तो झेलत होता. चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्याचा चहा एकदा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. ज्याने दुपारभर विकेटी काढल्या त्याने संध्याकाळी मडक्यात चहा प्यायचा. आपल्या म्हाताऱ्यांनी हॉटेलाबाहेरच्या वेगळ्या कपबश्या बघितल्या आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला गेला. तिथे बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी धरली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. इथेही घ्यावा की नाही यावर कुरकुर झाली, पण घेतला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. बाळूने गोऱ्यांची फळी कापली, शिवरामही त्याच संघात होता. वंगभंगाची चळवळ पेटलेली, त्यात गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं. सगळं शहर नाचलं. सुधारक मंडळींनी लिहिलं की बघा, चांभार भावांना जिमखान्यात घेतलं, एकत्र बसवलं आणि जिंकलो. पुण्याच्या मडक्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंत एवढा प्रवास झाला, हे नाकारायचं कारण नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, बाळू हरला नाही. त्या दौऱ्यातल्या फर्स्ट क्लास सामन्यांत त्याने ७५ बळी घेतले, सगळे सामने धरले तर ११४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी, आणि तो सामना आपण जिंकलो. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य वस्तीने त्याचा सत्कार केला. त्या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचा संबंध होता, असं क्रिकेटचे इतिहासकार रामचंद्र गुहा लिहितात. बाळूच्या पूर्ण कारकिर्दीचा हिशेब ३३ फर्स्ट क्लास सामने, १७९ बळी, आणि एका बळीमागे जेमतेम १५ धावा. आजच्या कुठल्याही फिरकी गोलंदाजाच्या आकड्यांशेजारी हे ठेवून बघा.

३

पंगत मिळाली, टाळ्या मिळाल्या. कप्तानी मिळाली नाही.

चौघे भाऊ खेळायचे : बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. बाळू संघातला सगळ्यात जुना, सगळ्यात अनुभवी. दरवर्षी त्याचं नाव निघायचं आणि दरवर्षी कप्तान दुसराच व्हायचा. १९१३ साली कप्तान असलेले एम. डी. पै यांनी एका समारंभात जाहीरच बोलून दाखवलं, की हा मान खरं तर बाळूचा होता. पै सवर्ण होते. त्यांचा हा प्रामाणिकपणा मानलाच पाहिजे. पण निवड समिती काही हलली नाही.

कारण सोपं आहे. चेंडू टाकणारा अस्पृश्य चालतो, कारण त्याला 'टाक' असं सांगणारा सवर्ण असतो. कप्तान म्हणजे जो सांगतो. तू इथे उभा राहा, तू तिथे जा, तुला आता चेंडू नाही. ब्राह्मणाने चांभाराचा हुकूम ऐकायचा, ही गोष्ट त्या समितीच्या घशाखाली उतरत नव्हती.

आता १९२० हे साल बघा. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी आंबेडकरांना पुढे केलं. मे महिन्याच्या शेवटी आपल्या नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, अध्यक्ष शाहू महाराज. डिसेंबरमध्ये नागपुरातच काँग्रेसचं अधिवेशन झालं. बहिष्कृत माणूस बोलायला लागला तेच हे साल.

त्याच सालच्या चौरंगी सामन्यांत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ होते. धर्मावर पाडलेले हे संघ म्हणजे स्वतःच एक रोग होता, पण तो विषय वेगळा. निवड समितीने बाळूला वगळलं. बाळू पंचेचाळिशीला टेकला होता, ते एक वेळ समजू. पण पै खेळू शकत नव्हते तेव्हा विठ्ठलचा हक्क होता. त्याला डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांना कप्तान केलं. देवधर मोठे फलंदाज होते यात वाद नाही. १९७३ साली त्यांच्या नावाने करंडक सुरू झाला. पण तेव्हा विठ्ठल त्यांच्या पुढे होता.

विठ्ठल आणि शिवराम यांनी त्या दिवशी खेळायला नकार दिला. गुपचूप घरी बसले नाहीत, जाहीर निवेदन काढलं आणि कारण सांगितलं : जात. ज्या संघाला त्यांच्या बॅटी पाहिजे होत्या त्या संघाला त्यांनी सांगितलं की आमचा मान ठेवायचा नसेल तर बॅटीही मिळणार नाहीत. शहरात चर्चा पेटली. पुढच्या सामन्याला समिती नमली. पै परत कप्तान आणि बाळू उपकप्तान. भाऊ संघात परतले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूने हिंदूंच्या संघाला हुकूम दिले. १९०६ पासून १४ वर्षं विकेटी घेऊन जे झालं नाही ते दोघा भावांच्या एका नकाराने झालं.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कप्तान झाला आणि संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. खांदे सवर्णांचे होते. विठ्ठलने पुढे १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. मराठीतल्या अस्पृश्यांच्या आत्मकथनांची यादी करताना हे पुस्तक आपण सगळेच विसरतो.

याचं श्रेय गांधींच्या अस्पृश्यता निवारणाला देणारे देतात. त्या हवेचा परिणाम झाला असेल, थोडा झालाही. पण हवा बदलायच्या आधी कोणीतरी खेळायचं नाकारावं लागलं, हे विसरू नका. आणि खांद्यावर घेणाऱ्या त्या गर्दीबद्दल फार हुरळू नका. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालं. त्यावर सवर्णांनी आपल्या लोकांची डोकी फोडली. एका अस्पृश्याला खांद्यावर घेणाऱ्या समाजाने हजारो अस्पृश्यांना एक ओंजळ पाणी दिलं नाही. एकाचा विजय म्हणजे सगळ्यांची सुटका नव्हे, हे क्रिकेटने तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

४

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्याच वर्षी त्याच शहराच्या ब्रुकलिन भागात एबेट्स फील्ड नावाचं बेसबॉलचं मैदान सुरू झालं. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा अमेरिकन भाऊ. दांडक्याने चेंडू मारायचा, चौकोनाच्या कोपऱ्यांवरून धावत घरी परत यायचं, घरी पोचलं की एक धाव. हा तिथल्या लोकांचा जीव की प्राण. पण बाबासाहेब तिथे शिकत होते तेव्हा त्या मोठ्या संघांत एकही काळा माणूस नव्हता. कायदा कुठे लिहिलेला नव्हता. मालकांनी आपसांत ठरवलं होतं. आपल्या गावातल्या विहिरीवर तरी कुठे पाटी लिहिलेली होती?

काळ्यांनी मग स्वतःचे संघ काढले, स्वतःची लीग काढली. साल कोणतं? १९२०. पालवणकर भावांच्या नकाराचं साल, मूकनायकाचं साल.

दुसरं महायुद्ध संपलं. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढून आलेल्या काळ्या सैनिकाला घरी मात्र बसमध्ये मागे बसायला सांगत होते. जॅकी रॉबिन्सन नावाच्या अशाच एका लष्करी अधिकाऱ्याने १९४४ साली बसमध्ये मागे जायला नकार दिला. त्याच्यावर कोर्टमार्शल झालं आणि तो निर्दोष सुटला. हाच रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे आपल्या भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, ब्रुकलिन डॉजर्सकडून एबेट्स फील्डवर उतरला. सहा दशकांनंतर मोठ्या बेसबॉलमध्ये उतरलेला तो पहिला काळा खेळाडू. मैदानात २६ हजारांवर लोक होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त काळे. त्याच्याच संघातल्या काहींनी आधी त्याच्याविरुद्ध अर्ज फिरवला होता. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला मैदानावर घाणेरड्या शिव्या दिल्या. संघाचा व्यवस्थापक ब्रँच रिकी याने त्याला बजावलं होतं की उलटून बोलायचं नाही. तो दात खाऊन खेळला. वर्षाचा उत्तम नवा खेळाडू ठरला, १९४९ साली तर आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

त्या काळातले दोन प्रसंग आपण लक्षात ठेवायचे. पहिला ९ ऑक्टोबर १९४८ चा. जागतिक मालिका म्हणतात त्या अंतिम झुंजीत क्लीव्हलंडच्या लॅरी डोबी या काळ्या खेळाडूने चेंडू कुंपणापार मारला आणि त्याच फटक्याने संघ २-१ असा जिंकला. खोलीत आल्यावर स्टीव्ह ग्रोमेक या गोऱ्या गोलंदाजाने त्याला मिठी मारली, गालाला गाल लावून दोघे हसले. तो फोटो देशभर छापून आला आणि लोक हादरले. गालाला गाल! पुण्यातलं मातीचं भांडं आठवा, म्हणजे त्या फोटोची किंमत कळेल.

दुसरा २८ सप्टेंबर १९५५ चा, न्यूयॉर्कच्याच यांकी संघाविरुद्ध. रॉबिन्सन तिसऱ्या कोपऱ्यावर उभा. वय ३६, केस पिकायला लागलेले. गोलंदाज चेंडू टाकायला हात फिरवतो न फिरवतो तोच रॉबिन्सन घराकडे सुटला. चेंडू आधी पोचला तर बाद, पाय आधी पोचला तर धाव. धूळ उडाली आणि पंचाने हात पसरले : धाव! यांकीचा यष्टिरक्षक योगी बेरा पंचावर नाचत धावून गेला. तो सामना डॉजर्स हरले, पण सात सामन्यांची मालिका जिंकले. ब्रुकलिनची ती पहिलीच. दुसऱ्याने मारून देण्याची वाट न बघता धाव हिसकावून घेता येते, हे त्या धुळीत दिसलं.

पण कप्तानीचं काय? बेसबॉलमध्ये हुकूम देणारा असतो मॅनेजर. कोण खेळेल, कोण बसेल, हे तो ठरवतो. काळे धावले, काळ्यांनी विक्रम मोडले, ८ एप्रिल १९७४ ला हँक ॲरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथ या गोऱ्या दैवताचा विक्रमही मोडला. त्यासाठी त्याला जिवे मारायच्या धमक्यांची पत्रं येत होती. आणि तोपर्यंत मोठ्या बेसबॉलमध्ये एकही काळा मॅनेजर झालेला नव्हता. ऑक्टोबर १९७२ मध्ये आजारी, दृष्टी गेलेल्या जॅकी रॉबिन्सनचा मैदानावर सत्कार झाला. आभार मानता मानता त्याने सगळ्या देशासमोर सुनावलं, की एखादा काळा मॅनेजर दिसेल तेव्हा मला जास्त अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी तो मेला. फ्रँक रॉबिन्सन हा पहिला काळा मॅनेजर १९७५ साली झाला. जॅकी मैदानात उतरला त्याला २८ वर्षं झाल्यावर.

पालवणकरांच्या बाबतीत १९०६ ते १९२३, रॉबिन्सनच्या बाबतीत १९४७ ते १९७५. देश वेगळा, रोग एकच. आणखी एक हिशेब सांगतो. काळे खेळाडू गोऱ्या संघांत गेले तसे काळ्यांचे स्वतःचे संघ ओस पडले. जुनी नीग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंद झाली. रॉबिन्सन ज्या काळ्या लीगमधल्या संघातून आला त्या संघाला डॉजर्सनी छदामही दिला नाही. दरवाजा उघडला तो मालकांच्या अटींवर, आणि किंमत मोजली ती आपली स्वतःची घरं मोडून. त्या काळ्या लीगांचे आकडे मोठ्या बेसबॉलच्या वहीत लिहायला २०२४ साल उजाडलं. तेव्हा कुठे जॉश गिब्सन हा गेलेला माणूस सरासरीच्या यादीत सगळ्यांच्या वर आला. मेल्यावर ७७ वर्षांनी.

५

आता मूळ भांडणाकडे येऊ. बाळू तिकडे कसा गेला?

१९३२ साली बाबासाहेबांनी मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ गांधींच्या उपोषणाखाली गेले. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचा होता. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, त्यालाही बाळूने विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात बाळूला उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. फरक दोन हजारांचा. थोडक्यात वाचलो, दोस्तहो.

पुणे कराराने जागा ७१ च्या १४८ केल्या. संघातले खेळाडू वाढले. पण त्या जागांवर कोण बसेल हे ठरवण्यात सवर्ण मतदारांची संख्या भारी. म्हणजे कप्तान निवडणारी समिती तीच राहिली! ज्या बाळूला हिंदू जिमखान्याच्या समितीने आयुष्यभर कप्तान केलं नाही, त्यालाच आता दुसऱ्या समितीने कप्तान म्हणून आपल्यासमोर उभा केला. का? कारण आपला खरा कप्तान आपण निवडला होता आणि तो त्यांना नको होता. वर्ध्याच्या लोकांना हा प्रकार ओळखीचा आहे. १९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना उघडलं. चांगलं केलं. पण किल्ली कोणाच्या हातात राहिली?

बाळू विकला गेला असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही आणि आपण पुराव्याने बोलणारे लोक आहोत. मला दिसतं ते असं. तो जन्मभर त्यांच्या मैदानावर खेळला. मडक्यातून पंगतीत, पंगतीतून उपकप्तानीपर्यंत, एकेक पायरी त्याने त्यांच्यात राहूनच मिळवली. चांगलं खेळत राहिलो तर एक दिवस ते आपल्याला मानतील, हा त्याचा अनुभव होता आणि त्याच्यापुरता तो खोटा नव्हता. त्याची चूक एकच, की स्वतःचा अनुभव त्याने सगळ्या समाजाचा रस्ता मानला. खेड्यातल्या बाईला विहिरीवर पाणी भरायला फिरकी गोलंदाजी कामाची नाही.

रॉबिन्सनलाही असंच वापरलं. १९४९ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्याला बोलावून घेतलं, पॉल रॉब्सन या लढाऊ काळ्या गायकाच्या विरोधात बोलायला. तो बोलला. काळ्याच्या विरोधात काळा उभा करायची ती जुनीच युक्ती. पण रॉबिन्सन नंतर मागे वळला. कर्ट फ्लड नावाच्या काळ्या खेळाडूने १९६९ साली आपल्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या संघाला विकलं जायला नकार दिला. तेव्हा खेळाडू एकदा क्लबाचा झाला की क्लब पाठवील तिथे जायचं, नाही तर खेळ सोडायचा. वतनाच्या बेडीत राबलेल्या आपल्या बापजाद्यांना हे लगेच समजलं असतं. त्याच बेडीसाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं होतं. फ्लड कोर्टात गेला तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला म्हातारा रॉबिन्सन उभा राहिला. फ्लड १९७२ साली सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. पण तीन वर्षांनी ती बेडी तुटलीच. आणि शेवटच्या काळात लिहिलेल्या आत्मचरित्रात रॉबिन्सनने मान्य केलं की रॉब्सनबद्दलचा आपला आदर वाढला आहे. बाळूच्या बाबतीत असं मागे वळणं इतिहासात दिसत नाही. ४ जुलै १९५५ ला तो मुंबईत वारला. पुढच्याच वर्षी नागपूरला दीक्षा झाली.

६

मग चषकाला नाव द्यायचं का?

माझं म्हणणं, द्या. आपल्या इतिहासातून बाळूला काढून टाकलं तर तो आयता त्यांच्या हाती जाईल. ते त्याचा फोटो लावतील आणि म्हणतील, बघा, आमच्यात जातपात नव्हती. मडकं सांगणार नाहीत, १९१३ सांगणार नाहीत, १९२० तर नाहीच नाही. त्याचे १७९ बळी आपले आहेत. त्याचं मातीचं भांडं आपलं आहे. त्याची चूकही आपल्याच घरातली आहे, तिचा हिशेब आपणच मांडायचा.

पण नुसतं नाव देऊन मोकळे होऊ नका. चषकाच्या खाली दोन सालं कोरा. एक १९२०, ज्या साली विठ्ठल आणि शिवरामने खेळायला नकार दिला. दुसरं १९३७, ज्या साली त्यांच्या समितीने आपल्यासमोर आपलाच माणूस उभा केला आणि आपल्या लोकांनी तरीही आपला कप्तान निवडून आणला. बक्षीस देताना दोन्ही सालांची गोष्ट माइकवरून सांगायची. पाच मिनिटं लागतील. ढोल थांबवून सांगा.

आणि एक काम सामने सुरू व्हायच्या आधी करा. वर्गणी ज्याने जास्त दिली त्याने कप्तान नेमायचा, असं मागच्या खेपेला झालं. यंदा प्रत्येक टीमच्या पोरांनी हात वर करून आपला कप्तान निवडावा. पुढे ग्रामपंचायतीची राखीव जागा येईल, उमेदवार कोण हे पाटलाच्या वाड्यावर ठरायला लागेल, तेव्हा ही सवय कामी येईल.

जय भीम.